तळहाताचं कातडं

गेल्या अंकात ट्रॅकच्या, म्हणजे शर्यतींसाठी बांधलेल्या गोल, कलत्या धावपट्टीवरच्या सायकलविषयी लिहिताना मी 'हातात चांगले ग्लोव्हज हवेत' एवढं एका ओळीत उरकून पुढे गेले होते. पत्रं आली ती नेमकी त्या ओळीवर. म्हणून या वेळचं पान ग्लोव्हजसाठीच.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. वर्षभर रोडवर सायकल चालवली, आता तीन महिने बालेवाडीच्या ट्रॅकवर जाते. तिच्याकडे अर्ध्या बोटांचे, जाड जेलचे चांगले महागातले ग्लोव्हज आहेत. कोच म्हणतात हे नकोत, पूर्ण बोटांचे पातळ आणा. दुकानदार म्हणतो जेल जितकं जास्त तितका हात सुरक्षित. शिवाय तिला स्टार्टच्या सरावात बोटांच्या मुळाशी फोड येतात. नक्की काय घ्यावं? — एक आई, पुणे

कोचचं ऐका. पूर्ण बोटांचे, पातळ तळव्याचे घ्या. जेलवाले रोडसाठी ठेवून द्या, ते वाया गेलेले नाहीत.

दुकानदार खोटं बोलत नाही, तो रस्त्याचा विचार करतोय. रस्त्यावर ग्लोव्हजचं पहिलं काम म्हणजे धक्के खाणं. ट्रॅकवर खड्डे नाहीत, खडी नाही, स्पीडब्रेकर नाही. तिथे त्यांची कामं दोनच : हॅन्डल हातात पक्कं बसू देणं आणि पडल्यावर तळहाताचं कातडं वाचवणं. जाड जेल पहिल्या कामाच्या आड येतं आणि अर्धी बोटं दुसरं काम अर्धवट करतात.

आता फोडांचं. ट्रॅकच्या सायकलला गिअर एकच आणि तो मोठा. पुढे 49 दात आणि मागे 14 लावले तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सात मीटरहून जास्त पुढे जाते. एकदा वेग आला की हे छान वाटतं, पण उभ्या सायकलला तेवढा गिअर हलवताना सगळं अंग लागतं. पाय खाली दाबतात तेव्हा हात हॅन्डल वर ओढत असतात, एकदा उजवा, एकदा डावा. त्या क्षणी हॅन्डल आणि तळवा यांच्यामध्ये जेलचा थर असला तर तो थर सरकतो. त्याच्याबरोबर कापड गोळा होतं, कापडाबरोबर कातडी दुमडते आणि दुमडलेल्या जागी फोड उठतो. तुमच्या मुलीचे फोड बोटांच्या मुळाशी आहेत, म्हणजे हेच घडतंय. तिला सरावानंतर ग्लोव्हज न काढता मूठ वळायला सांगा आणि तुम्ही आतल्या बाजूनं बघा. जिथे कापडाची वळी दिसेल तिथेच फोड असेल.

आता पडण्याचं सांगते, कारण ते मला नीट माहीत आहे. मी सतरा वर्षांची असेपर्यंत ट्रॅकवर उघड्या हातांनी जायचे. त्या वेळी आमच्यातल्या बऱ्याच मुली तशाच यायच्या. एका संध्याकाळी पुढच्या मुलीच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक घासलं. ट्रॅकवर आपण कायम डावीकडेच वळत असतो, चढणीचा उतारही डावीकडे. त्यामुळे घसरून पडलं की बहुतेक वेळा डाव्या कुशीवर पडतो आणि डावा हात आपोआप पुढे जातो. विचार करायला वेळच नसतो. सिमेंटवर माझा डावा तळवा मनगटापासून करंगळीच्या पेरापर्यंत सोलपटून निघाला. हाड मोडलं नव्हतं, टाके पडले नव्हते, डॉक्टरांच्या दृष्टीनं किरकोळ जखम. पण बारा दिवसांनी बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल होती आणि ब्युरेटचा नळ डाव्या हातानं फिरवायचा असतो. नव्या पातळ कातडीवर तो काचेचा नळ कसा लागत होता, ते मला आजही आठवतं.

त्यानंतर बाबांनी त्यांचे जुने पूर्ण बोटांचे लोकरी हातमोजे घेतले आणि मला घेऊन चपला शिवणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेले. तळव्याला बकऱ्याचं कातडं लावून द्या म्हणाले. काकांनी आधी मला मूठ वळायला लावली, मग उघडायला, मग पुन्हा वळायला. कुठे घडी पडते तिथे त्यांनी खडूनं खूण केली. मग रापीनं कातड्याच्या कडा तासून तासून अशा पातळ केल्या की हात फिरवला तर कातडं कुठे संपलं आणि लोकर कुठे सुरू झाली, ते कळेना. आणि आरीनं शिवण घातली ती तळव्यातून न्यायची सोडून बोटांच्या बाजूनं नेली. 'जिथं भार येतो तिथं दोरा नको' एवढंच म्हणाले. ते मोजे मी दोन हंगाम वापरले. आज कुठल्याही दुकानात गेले तरी मी पहिल्यांदा ग्लोव्हज उलटे करून शिवण कुठून जाते तेच बघते.

तुम्हीही तेच बघा. तळव्याच्या बरोबर मध्यातून किंवा बोटांच्या मुळाच्या रेषेवरून जाड शिवण जात असेल तर ते ग्लोव्हज खाली ठेवा, मग ते कुठल्याही नावाचे असोत. तळवा एकसंध हवा. बकऱ्याचं कातडं सगळ्यांत उत्तम, कारण ते पातळ असून चिवट असतं. सिंथेटिक लेदरही चांगलं चालतं, धुवायला सोपं आणि पावसाळ्यात कडक होत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत जादा पट्टी शिवलेली असेल तर फार बरं, कारण खाली वाकून ड्रॉप्स, म्हणजे हॅन्डलची खाली वळलेली टोकं, धरले की सगळा घास तिथे होतो.

माप असं घ्या. शिंप्याची टेप बोटांच्या मुळाखालून, अंगठा सोडून, तळव्याभोवती गुंडाळा. मूठ हलकी मिटलेली असू द्या. जो इंचाचा आकडा येतो तोच ग्लोव्हजचा जुना नंबर : 7 म्हणजे साधारण स्मॉल, 8 म्हणजे मीडियम. कंपनीगणिक अर्धा नंबर इकडे तिकडे होतो म्हणून घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. मुलींच्या हातांत बऱ्याचदा तळवा बसतो पण बोटं लांब होतात. बोटांच्या टोकाशी रिकामं कापड लोंबत असेल तर एक नंबर खाली या, नाहीतर बायकांच्या मापाचे बघा.

दुकानात जाताना पिशवीत घरचं लाटणं घेऊन जा. लोक बघतील, बघू देत. ग्लोव्हज घालून लाटणं धरा आणि ओलं फडकं पिळतो तसा पीळ द्या. हात आतल्या आत फिरला तर मोठे होतात. बोटांच्या बेचक्यांत ताण बसला तर लहान होतात. लाटणं आणि हात एकत्र फिरले, तळव्यात वळी पडली नाही, की घ्या. नवे ग्लोव्हज थोडे घट्टच घ्यायचे, कातडं आठवड्यात हाताचा आकार घेतं.

ट्रॅकचे म्हणून वेगळे ग्लोव्हज आपल्याकडे सहज मिळत नाहीत, त्यासाठी अडून बसू नका. बीएमएक्सचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारणाऱ्या छोट्या सायकलींचे, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज बघा. त्यांचा तळवा मुद्दाम पातळ, बिनगादीचा ठेवतात. माझ्या बघण्यातल्या स्प्रिंट करणाऱ्या मुलामुलींपैकी निम्मी तेच घालतात. मोटरसायकलचे घेऊ नका, बोटांवरचं कडक कवच मूठ पूर्ण वळू देत नाही. जिमचेही नकोत. काही मुलं क्रिकेटचे सुती इनर घालून येतात. ते घामाला बरे, पण सिमेंटवर एका घसरणीत त्यांच्या चिंध्या होतात आणि धागे जखमेत जातात. ते धागे चिमट्यानं काढताना मुलाला धरून ठेवायची वेळ माझ्यावर आली आहे.

आणखी एक. मुलगी पुढे दिल्लीला गेली तर तिथे इंदिरा गांधी स्टेडियममध्ये 250 मीटरचा लाकडी ट्रॅक आहे, 2010 च्या कॉमनवेल्थच्या वेळचा. लाकडावर कातडं कमी सोलवटतं, पण कुसळं घुसतात. मलेशियाचा अझीझुलहस्नी अवांग 2011 साली मँचेस्टरला केरिन नावाच्या शर्यतीच्या शेवटी पडला तेव्हा जवळजवळ वीस सेंटिमीटरची लाकडाची ढलपी त्याच्या पोटरीतून आरपार गेली होती. तशा स्थितीत तो सायकलवर बसून रेषेपार गेला. ग्लोव्हजनी पोटरी वाचत नाही हे खरंच, पण लाकूड काय करू शकतं ते मुलीला ठाऊक असावं. हाताला तरी पूर्ण झाकण असू द्या.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. दादाची फिक्स सायकल, म्हणजे जिची पॅडल चाकाबरोबर फिरतच राहतात ती, मला मिळाली. तिला ब्रेक नाही. व्हिडिओत मुलं ग्लोव्हजनं टायर दाबून थांबवतात. त्यासाठी कुठले ग्लोव्हज जाड असतात? — नाशिक

असे ग्लोव्हज नसतात, आणि हे करायचं नाही.

टायरला हात लावायची पद्धत जुनी आहे, पण ती थांबण्यासाठी नव्हती. काचेच्या कणांवरून चाक गेलं की ते कण आत रुतायच्या आधी स्वार तळवा टायरवर हलकेच टेकवून पुसून टाकायचे. त्यात फक्त स्पर्श असतो, दाब नसतो. मागच्या चाकाला हात नेलास तर चाक बोटं ओढून फ्रेमच्या नळीत नेतं. पुढचं दाबलंस तर तू हॅन्डलवरून पुढे जाशील. ट्रॅकवर ब्रेक नसतो, कारण तिथे सगळे एकाच दिशेनं जातात आणि समोरून कुणी येत नाही. नाशिकच्या रस्त्यावर तसं आहे का, तूच सांग. ग्लोव्हजचे पैसे आहेत ना, त्यात पुढचा ब्रेक बसवून घे. फोर्कला ब्रेकसाठी भोक आहे का ते मेकॅनिककडून बघून घे. नसेल तर ती सायकल रस्त्यावर आणू नकोस.

आणि हे दादालाही सांग : चाक फिरवत ठेवून चेन पुसायची नाही. ग्लोव्हज घालून तर मुळीच नाही. फ्रीव्हीलच्या सायकलला पॅडल धरलं की चेन थांबते. फिक्सला चाक फिरतंय तोवर चेन फिरते, आणि फडक्याचा किंवा ग्लोव्हजचा एक धागा दातांत गेला की पाठोपाठ बोट जातं. चाक थांबव, चेनचा हातभर तुकडा पूस, चाक पुढे सरकव, पुन्हा थांबव. वेळ लागतो, लागू दे.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय 41. दीड वर्षापासून फिक्स्ड गिअर सायकलनं ऑफिसला जातो, रोज जाऊन येऊन बावीस किलोमीटर. दोन्ही ब्रेक आहेत. अलीकडे उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. आधी ग्लोव्हज नव्हते. मग जेलचे घेतले तर त्रास वाढला. अजून जाड घेऊ का?

नका घेऊ. तुमचं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण उत्तर त्यातच आहे.

करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना देणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून, मनगटाजवळच्या दोन लहान हाडांच्या मधल्या खाचेतून जाते. हॅन्डलवर तळव्याची ती कड टेकली की नस हॅन्डल आणि हाड यांच्यात चेंगरते. जेलचा एकच मोठा उशीसारखा गठ्ठा बरोबर त्या खाचेवर बसत असेल तर तो दाब कमी करण्याऐवजी नेमका तिथेच आणतो. ग्लोव्हज घ्यायचेच तर गादीचे दोन तुकडे असलेले, मध्ये मोकळी चर सोडलेले घ्या. बोटानं दाबून बघा : करंगळीखालच्या उंचवट्यावर मऊ, आणि मनगटाच्या घडीच्या जरा पुढे, मध्ये, खोलगट.

पण आधी सायकलकडे बघा. फिक्समध्ये हातांवर जो भार येतो त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. साध्या सायकलवर स्पीडब्रेकर आला की आपण पॅडल थांबवतो, दोन्ही पाय समान करून सीटवरून जरा उठतो, धक्का पायांत जातो. फिक्सवर पाय फिरतच राहतात, उठायला जागा मिळत नाही, धक्का हातांत जातो. उतारावर पाय गरागरा फिरतात आणि त्यांना आवरताना मूठ नकळत आवळली जाते. ठाण्याच्या उड्डाणपुलांवरून उतरताना एकदा मुठीकडे लक्ष द्या. बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसली तर माझं म्हणणं पटेल.

तेव्हा असं करा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर ते सपाट करा, नाहीतर अंग सतत पुढे घसरतं आणि तळवे त्याला थोपवत बसतात. हॅन्डल एक-दोन सेंटिमीटर वर घ्या. मनगट वाकलेलं नको. हाताच्या पाठीपासून कोपरापर्यंत रेष सरळ हवी. फिक्सला हौसेनं बसवतात तसं तोकडं, सपाट हॅन्डल तुमच्याकडे असेल तर हात ठेवायला एकच जागा मिळते. ते बदलून दोन-तीन ठिकाणी धरता येईल असं घ्या आणि जाड टेप गुंडाळा. उतारावर पायांनी वेग आवरण्यापेक्षा ब्रेक वापरा. तुमच्याकडे दोन्ही आहेत, त्यात कमीपणा नाही. टायरमधली हवा मुंबईच्या पेव्हर ब्लॉकना मानवेल इतकी कमी करा. एवढ्यानंतर मग ग्लोव्हज.

आणि एक तपासणी घरीच करा. अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद सपाट धरा आणि बायकोला किंवा मुलाला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना उजव्या अंगठ्याचं वरचं पेर वाकत असेल आणि डाव्याचं वाकत नसेल, तर नसेबरोबर स्नायूही कमजोर व्हायला लागलाय. तसं दिसलं, किंवा सायकल थांबवून दोन आठवडे झाले तरी बधिरपणा गेला नाही, तर हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांना दाखवा. वाट बघत बसू नका, हात आहे तो.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. थॉर्नबरीच्या इनडोअर ट्रॅकवर क्लबतर्फे यंदा मॅडिसन शिकतोय. जोडीदाराला हात देताना माझे ग्लोव्हज निसटतात. सिलिकॉनचे ठिपके असलेले घ्यावेत का?

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मॅडिसन मला ट्रॅकवरच्या सगळ्या शर्यतींत जास्त आवडते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दोघांची जोडी असते, एक जण शर्यतीत आणि दुसरा वर संथ फिरत. पाळी बदलताना वेगात असलेला जोडीदाराचा हात धरतो आणि आपला वेग त्याच्यात ओतून त्याला पुढे फेकतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून नाव पडलं. ऑलिंपिकमधून 2008 नंतर ती गेली होती, टोकियोला परत आली, तीही पहिल्यांदाच बायकांच्या शर्यतीसह.

सिलिकॉन घेऊ नका. हात धरताना ते चिकटतं ही जमेची बाजू, पण सोडतानाही चिकटतं. फेकीत सोडण्याचा क्षण सगळ्यांत महत्त्वाचा असतो. शिवाय हॅन्डलच्या रबरी मुठींवर ते इतकं धरतं की घाईत पकड बदलता येत नाही, आणि मॅडिसनमध्ये एक हात सतत हॅन्डलवरून निघत आणि परत येत असतो. साधा कातड्याचा किंवा सिंथेटिक लेदरचा तळवा पुरतो. दोघांनी एकाच प्रकारचे घ्या, म्हणजे पकड सारखी लागते. वेल्क्रोचा पट्टा मनगटाच्या वरच्या बाजूला, घट्ट आणि टोक न सुटलेलं असावं. तुमचा ग्लोव्ह निसटतो याचं कारण बहुधा पट्टाच असेल. नाहीतर नंबर मोठा आहे. आणि बोटांत बोटं अडकवायची नाहीत. तळव्यात तळवा, आकड्यात आकडा घालतो तशी वाकवलेली बोटं. कवायतीत आधी जमिनीवर चालत सराव करा, मग संथ सायकलवर.

प्रश्न : कातड्याचे ग्लोव्हज घामानं खारवतात, वास येतो, मशीनमध्ये टाकले तर कडक झाले. काय करावं? — सोलापूर

मशीन नको, गरम पाणी नको, ऊन नको. सोलापूरच्या उन्हात तर तासाभरात पापड होतो. ग्लोव्हज हातात घाला आणि नळाखाली हात धुतो तसे साध्या अंगाच्या साबणानं धुवा. अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलच्या कापडाचा तुकडा असतो ना घाम पुसायला, तो जास्त चोळा, वास तिथे धरतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळून घ्या, पिळू नका, कोरड्या पंचात गुंडाळून दाबा. वेल्क्रो बंद करून ठेवा, नाहीतर तो कापडाचे धागे ओढतो. बोटं वर करून सावलीत, वाऱ्याला वाळवा. जरासे दमट असतानाच एकदा हातात घालून पाच-सहा वेळा मूठ वळा आणि मग पूर्ण वाळू द्या. जे कडक झालेत त्यांनाही हेच करून बघा, वर खोबरेल तेलाचं एखादं बोट तळव्यावर फिरवा, जास्त नाही, हॅन्डल निसरडं होईल. वाळल्यावर उलटे करून शिवणी बघा. एक टाका जरी सुटलेला दिसला तरी त्याच दिवशी घालून घ्या.